बडोद्याच्या अगाशीवरचं ग्राउंड स्टेशन : प्रकल्प नोंदी

२४ जून २०२५, मंगळवार

शाळा सुटल्यावर भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत पहिली बैठक झाली. नववी ते अकरावीची सहा मुलं. दोघांना रॉकेट उडवायचं होतं, एकीला दुर्बीण हवी होती. मी माझा विचार मांडला. हवामान उपग्रह रोज आपल्या डोक्यावरून जातात आणि जाताना खालच्या पृथ्वीची चित्रं रेडिओलहरींवर सतत पाठवत असतात. ती कुणालाही घेता येतात, त्यांना कुलूप नाही. आपण स्वतः अँटेना बनवायची, सिग्नल पकडायचा आणि त्यातून चित्र काढायचं. दुर्बीणवाली लगेच म्हणाली, "बाई, मोबाइलवर तर हे चित्र रोज दिसतं." प्रश्न रास्त आहे. उत्तर आज दिलं नाही, नोंदवहीच्या पहिल्या पानावर तिच्याच हाताने तो लिहून घेतला.

काम लवकर हाती घ्यायला हवं. अमेरिकेच्या नोआ मालिकेतले तीन जुने उपग्रह अजून साध्या ॲनालॉग पद्धतीने चित्रं पाठवत होते. त्यांपैकी नोआ-१८ याच महिन्याच्या ६ तारखेला बंद झाला. नोआ-१५ आणि नोआ-१९ उरलेत, त्यांचेही दिवस भरत आलेत. शिकायला ॲनालॉग पद्धतीसारखी दुसरी नाही, कारण ती कानाने ऐकू येते. ती आहे तोवर या मुलांच्या कानावर पडावी असं मला मनापासून वाटतं.

नोंदवहीत मुलांची नावं लिहायची नाहीत, कामं लिहायची, असं पालकांशी ठरलं. म्हणून यापुढे: सोल्डरवाला, वेळवाली (उपग्रह कधी येणार ते काढणारी), मोजणीवाली, कॉम्प्युटरवाला, मांडववाला (वडिलांचा मांडवाचा धंदा, बांबू-दोरीत हात बसलेला) आणि टिपणवाली. दुर्बीणवाली तीच टिपणवाली.

२८ जून, शनिवार

अँटेना. आधी हिशेब, मग करवत, हा नियम. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर, फ्रिक्वेन्सी सुमारे १३७ मेगाहर्ट्झ, म्हणून तरंगलांबी २.१९ मीटर. तिचा चौथा हिस्सा ५४.७ सेंमी. धातूच्या दांड्यात लहर किंचित आखूड पडते, म्हणून प्रत्येक दांडा ५३.४ सेंमीचा. असे दोन दांडे इंग्रजी व्ही अक्षरासारखे, मधला कोन १२० अंश, जमिनीला समांतर, व्हीचं तोंड उत्तर-दक्षिण दिशेने. कोन असा ठेवला की अँटेनाचा विद्युत रोध केबलच्या रोधाच्या जवळ येतो. दांडे आडवे ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. जमिनीवरची बरीच प्रक्षेपणं उभ्या ध्रुवणाची (लहर उभी हलणारी) असतात, ती आडव्या दांड्याला फार कमी लागतात.

दांड्यांसाठी दुकानात जावं लागलं नाही. दांडिया बाजारात शाळेमागच्या वाड्यातल्या काकूंच्या माळ्यावर दूरदर्शनच्या काळातला ॲल्युमिनियमचा यागी अँटेना पडून होता. काकूंनी तो दिला आणि अगाशीही दिली. अट एकच: तुळशीच्या कुंड्या हलवायच्या नाहीत. जोडणीला इलेक्ट्रिशियन वापरतात ती स्क्रूची पट्टी, खाली केबलवाल्याकडची टीव्हीची वायर. मांडववाल्याने बांबू असा आवळला की पावसाळी वाऱ्यातही हलला नाही. दोरीची गाठ बघण्यासारखी होती.

३ जुलै, गुरुवार

पाऊस. वर जायचं नाही, म्हणून आज पूर्ण वेळ फळ्यावर. मला हा दिवस सगळ्यांत आवडला.

उपग्रहाची कक्षा दोन ओळींच्या आकड्यांत लिहिलेली असते आणि ती इंटरनेटवर रोज ताजी मिळते. वेळवालीने नोआ-१५ च्या ओळी छापून आणल्या होत्या. त्यात एक आकडा दिवसाला साधारण १४.२७ फेऱ्यांचा. मुलांना म्हटलं, एवढ्या एका आकड्यावरून उपग्रह किती उंच आहे ते सांगा. दिवसाची १४४० मिनिटं भागिले १४.२७, म्हणजे एका फेरीला १०१ मिनिटं. पुढे केप्लरचा तिसरा नियम: कालावधीचा वर्ग हा अंतराच्या घनाच्या प्रमाणात. पृथ्वीचा गुरुत्व-स्थिरांक घातला तेव्हा पृथ्वीच्या केंद्रापासून अंतर आलं सुमारे ७१८० किमी. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ वजा केली, उरले ८०९. मोजणीवालीने मोबाइलवर पडताळून पाहिलं आणि खुर्चीवरून उठलीच. छापील ओळीतल्या एका आकड्यातून तिने उंची काढली होती.

मग वेळवालीने विचारलं, उपग्रह एक फेरी मारून परत बडोद्यावर का येत नाही? उत्तर तिनेच काढलं. तो फिरतो तेवढ्या वेळात खाली पृथ्वी २५ अंश पूर्वेकडे सरकलेली असते. म्हणून पुढची फेरी आपल्याला पश्चिमेकडे, अरबस्तानच्या बाजूला दिसते, आणि तिच्या पुढची दिसतच नाही. काही तासांनी तो दुसऱ्या बाजूने येतो. याला आम्ही आता "पास" म्हणतो. चांगला पास म्हणजे डोक्याजवळून जाणारा, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत सुमारे पंधरा मिनिटं. आमची जागा २२.३ उत्तर, ७३.२ पूर्व. मोजणीवालीने ती वहीच्या कव्हरवर लिहिली.

५ जुलै, शनिवार

पहिला प्रयत्न, संध्याकाळचा पास. रिसीव्हर म्हणजे बोटाएवढा यूएसबी डोंगल, मुळात टीव्ही बघण्यासाठी बनलेला. त्यातून रेडिओलहरींचे कच्चे आकडे कॉम्प्युटरला मिळतात आणि पुढचं सगळं काम सॉफ्टवेअर करतं. पडद्यावर फ्रिक्वेन्सीचा धबधबा (कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती जोर आहे ते दाखवणारा, वरून खाली सरकणारा पट) दिसत होता. १३७.६२ वर नोआ-१५ ची रेघ यायला हवी होती. रेघ आली नाही. सगळीकडे सारखा गोंगाट.

लॅपटॉपचा चार्जर काढला, गोंगाट बराच खाली आला. जिन्यातला एलईडी बल्ब बंद केला, आणखी उतरला. तरीही जिथे काही असायला नको तिथे भुतासारखी रेघ उभी राहत होती आणि हेडफोन लावला तर चक्क गाणं ऐकू येत होतं. शहरातली एफएम स्टेशनं जवळ आणि जोरदार आहेत. ती डोंगलला आतून इतकी भरून टाकतात की दूरचा अशक्त आवाज त्याला ऐकूच येत नाही.

११ जुलै, शुक्रवार

एफएम अडवलं. उपाय स्वस्त आहे, लिहून ठेवते, कुणालातरी उपयोगी पडेल. केबलला टी जोडणी करून एक तुकडा लोंबता सोडायचा, शेवट उघडा. ज्या फ्रिक्वेन्सीला तो तुकडा पाव तरंगलांबीचा असतो, ती तिथे शॉर्ट होऊन जमिनीत जाते. ९३ मेगाहर्ट्झसाठी पाव लांबी ८०.६ सेंमी, पण केबलमध्ये लहर हळू चालते, म्हणून ०.८३ ने गुणायचं: सुमारे ६७ सेंमी. सोल्डरवाल्याने सत्तर सेंमीचा तुकडा जोडला आणि पडद्यावर एफएमचे खांब बघत बघत थोडा थोडा छाटत गेला. १३७ वर याने थोडं नुकसान होतं, ते मान्य. एफएम मात्र बसलं.

संध्याकाळी आकाश गच्च होतं, पण वीज नव्हती, म्हणून वर गेलो. (वीज दिसली की केबल काढून खाली यायचं, या नियमाला अपवाद नाही.) पास सुरू झाला आणि धबधब्यात एक तिरकी रेघ उतरली. आवाज आला. २४०० हर्ट्झचा बारीक सूर आणि त्यावर सेकंदाला दोनदा टिक-टॉक. प्रत्येक टिक-टॉक म्हणजे चित्राची एक ओळ. सहाही मुलं गप्प. आम्हाला हेडफोन एकच होता, तो काढून स्पीकर लावला. काकू तुळशीजवळ दिवा लावायला आल्या होत्या, त्याही थांबल्या. "हा वरून येतोय?" त्यांनी विचारलं. मांडववाल्याने बोट दाखवलं, दक्षिणेकडून उत्तरेकडे, ढगांच्या मागे.

चित्र खाली जाऊन उलगडलं तर ते उलटं होतं. उपग्रह दक्षिणेकडून आला, म्हणून दक्षिण आधी उतरली आणि वर बसली. कॉम्प्युटरवाल्याने ते १८० अंशांत फिरवलं. भारत दिसलाच नाही, पावसाळ्याचे ढग दिसले, पांढरेशुभ्र, अरबी समुद्रापासून मध्य प्रदेशापर्यंत. पश्चिमेला मकरानचा किनारा मात्र स्पष्ट होता, वाळवंट काळं, समुद्र राखाडी. इन्फ्रारेडमध्ये गरम ते काळं आणि थंड ते पांढरं दाखवतात. टिपणवालीने विचारलं, मग सगळ्यांत पांढरा ढग सगळ्यांत थंड, म्हणजे सगळ्यांत उंच? होय. ती स्वतःच पुढे म्हणाली, "म्हणजे हे उंचीचंही चित्र आहे."

१५ जुलै, मंगळवार

शुभांशू शुक्ला आज अंतराळस्थानकावरून परतले, कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात उतरले. दुपारच्या सुट्टीपासून शाळेत दुसरा विषय नव्हता. प्रकल्पाचं काम झालं नाही. चालेल.

१९ जुलै, शनिवार

डॉप्लर परिणाम: जवळ येणाऱ्या वस्तूची फ्रिक्वेन्सी वाढलेली लागते, दूर जाणाऱ्याची घटलेली. ११ तारखेला रेघ तिरकी का उतरली, हा सोल्डरवाल्याचा प्रश्न होता. आज डोक्यावरून जाणारा पास होता. मोजणीवालीने रेघेची फ्रिक्वेन्सी सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी टिपली. सुरुवात आणि शेवट यांतला फरक सुमारे ६ किलोहर्ट्झ. डोंगल स्वतः काही किलोहर्ट्झ इकडेतिकडे असू शकतो, पण फरक घेतला की ती चूक आपोआप कटते. निम्मे केले, ३ किलोहर्ट्झ. त्याला १३७.६२ मेगाहर्ट्झने भागून प्रकाशवेगाने गुणलं, तर उपग्रह आपल्याकडे सेकंदाला साधारण साडेसहा किलोमीटर वेगाने येत होता.

कक्षेतला खरा वेग केप्लरवरून ७.४५ येतो. मग एक किलोमीटर गेला कुठे? मुलं यावर बराच वेळ अडली आणि मी मुद्दाम बोलले नाही. वर्तुळ काढून शेवटी वेळवालीने सांगितलं: क्षितिजावर असताना उपग्रह थेट आपल्या रोखाने येत नसतो, थोडा तिरका येत असतो. तिरकेपणाचं गुणोत्तर ६३७१ भागिले ७१८०, म्हणजे ०.८९. त्याने ७.४५ ला गुणलं तर ६.६. अगाशीवरच्या मोजणीशी जुळलं. एका टीव्ही अँटेनाच्या दांड्याने आठशे किलोमीटर वरच्या वस्तूचा वेग मोजला. डॉप्लर परिणाम एरवी रुग्णवाहिकेच्या भोंग्याने समजावतात. या सहा जणांना तो आता परीक्षेसाठी पाठ करावा लागणार नाही.

३० जुलै, बुधवार

नासा आणि इस्रोच्या निसार या रडार उपग्रहाचं उड्डाण, श्रीहरिकोट्याहून संध्याकाळी ५.४० ला, जीएसएलव्हीवर. शाळा सुटल्यावर सगळे थांबले. यातला एस-बँडचा (आखूड तरंगलांबीचा) रडार अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात तयार झाला, बडोद्याहून दोन तासांच्या अंतरावर. एल-बँडचा (लांब तरंगलांबीचा) रडार आणि बारा मीटरचा उघडणारा परावर्तक नासाचा. आमचा नोआ ढगांची पाठ बघतो, खालचं त्याला दिसत नाही. निसार स्वतःच लहरी सोडतो आणि परत आलेल्या मोजतो, त्या ढगांतून आरपार जातात. दोन्ही समजायला एकच गणित लागतं, तरंगलांबीचं. सोल्डरवाला म्हणाला, आपल्याला तिथे काम मिळेल का. मी म्हटलं, अहमदाबाद लांब नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आज बरोबर पन्नास वर्षं झाली. १ ऑगस्ट १९७५ ला साइट हा प्रयोग सुरू झाला होता: नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत थेट टीव्ही. विक्रम साराभाईंनी हे स्वप्न पाहिलं, ते सुरू झालेलं पाहायला ते राहिले नाहीत. खेड्यांतल्या डिशा तीन मीटर व्यासाच्या, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीच्या. मुलांना हे ऐकून विश्वास बसेना. जाळीतून हवा जाते, पाणी जातं, मग लहर का जात नाही? भोक तरंगलांबीच्या मानाने फार लहान असेल तर लहरीला जाळी अखंड पत्र्यासारखीच भासते. ८६० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३५ सेंमी, जाळीचं भोक त्याच्यापुढे काहीच नाही.

आपल्याकडे नडियादजवळ पीजला एक किलोवॅटचा ट्रान्समीटर होता आणि खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांसाठी तिथून गुजरातीत कार्यक्रम दाखवले जात. शाळेतल्या मुलांना साराभाई हे नाव ठाऊक असतं, पीज ठाऊक नसतं. मला वाटतं पीज आधी सांगायला हवं. अंतराळ तंत्रज्ञान म्हणजे चंद्र, असं मुलांच्या मनात घट्ट बसलंय. या देशात त्याची सुरुवात खेड्यातल्या जाळीच्या डिशपासूनही झाली आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

काल नोआ-१९ बंद केला. २००९ च्या फेब्रुवारीत गेला होता. आता ॲनालॉगवर एकटा नोआ-१५.

१८ ऑगस्ट, सोमवार

नोआ-१५ ही आता कोणत्याही घडीला बंद होणार. १३ मे १९९८ ला तो गेला, तेव्हा या मुलांपैकी कुणाचा जन्म झालेला नव्हता. दोन वर्षं चालेल अशा बेताने बनवलेलं यंत्र सत्तावीस वर्षं चाललं. संध्याकाळचा पास घ्यायला सहाही जण आले, पालकही आले.

आजचं चित्र आतापर्यंतचं सर्वांत चांगलं. मुंबईत दिवसभर धुवाधार पाऊस चालला होता, आणि कोकणावर पांढरा थर असा जाड होता की किनारा ओळखू येत नव्हता. चित्रात चार-पाच ठिकाणी आडव्या रेघा होत्या. एका पालकांनी विचारलं, हे खराब झालंय का? टिपणवालीने उत्तर दिलं, ते तसंच लिहिते: "काका, या दोन रेघा आपल्या गल्लीतल्या आहेत, कुणीतरी मोटर सुरू केली तेव्हाच्या. ही वरची मात्र त्याची स्वतःची, त्याच्या स्कॅनरची मोटर म्हातारी झालीय, अडखळते. आणि कडेचा हा मुंग्यांसारखा भाग म्हणजे तो क्षितिजाखाली गेला." पहिल्या दिवशी तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिने असं दिलं. मोबाइलवरच्या चित्रात हे सगळं पुसून साफ केलेलं असतं. कुठे माहिती संपते आणि कुठे भरलेलं सुरू होतं, ते तिथे कळत नाही. स्वतः पकडलेल्या चित्रात प्रत्येक डागाचा मालक माहीत असतो.

मूळ ध्वनीची फाइल तीन ठिकाणी साठवली.

२० ऑगस्ट, बुधवार

नोआ-१५ काल बंद झाला. तरीही त्याच्या वेळेला वर गेलो. १३७.६२ वर काही नाही. वेळवालीने वेळापत्रकात त्याच्या नावापुढे तारीख लिहिली.

२३ ऑगस्ट, शनिवार

राष्ट्रीय अंतराळ दिवस. सभागृहात भाषणं झाली, आम्ही वर्गात बसून मेटिऑर-एमची तयारी केली. रशियाचे हे दोन उपग्रह, एक २०२३ च्या जूनमध्ये आणि दुसरा २०२४ च्या फेब्रुवारीत गेलेला, १३७.९ किंवा १३७.१ वर डिजिटल चित्र पाठवतात. एका ठिपक्यात एक किलोमीटर, नोआपेक्षा चौपट बारीक.

डिजिटलची अडचण अशी की ॲनालॉग हळूहळू खराब होतं, डिजिटल एकदम जातं. सिग्नल पुरेसा असेल तर चित्र स्वच्छ, थोडा कमी पडला तर पट्टाच्या पट्टा काळा. काठावर टिकून राहण्यासाठी त्यात चूक दुरुस्त करण्याची सोय असते, आणि ती कशी चालते हे मला मुलांच्या हातून करून घ्यायचं होतं. बाकावर सहा ओळी, सहा रकाने, काळी-पांढरी कार्डं. मग प्रत्येक ओळीला आणि रकान्याला एक जादा कार्ड असं लावलं की काळ्यांची संख्या सम होईल. मी पाठ फिरवली, कुणीतरी एक कार्ड उलटं केलं. वळून बघितलं, एक ओळ आणि एक रकाना विषम, दोन्ही जिथे भेटतात तेच कार्ड. मुलांनी हा खेळ आठवीच्या वर्गात जाऊन केला आणि तिथे टाळ्या मिळवल्या. मेटिऑरमध्ये याचीच फार पुढची रूपं आहेत. माहितीच्या एका बिटासाठी तो दोन बिट पाठवतो, आणि वर आणखी जादा बाइट. एवढा भार उगाच वाहत नाहीत. न ऐकू आलेलं परत विचारायची सोय नसेल, तर आधीच जास्त सांगून ठेवावं लागतं.

१ सप्टेंबर, सोमवार

गणपतीचे दिवस. मेटिऑरची पहिली दोन चित्रं निम्मी काळी आली. सिग्नल येतो, धबधब्यात जाड पट्टा दिसतो, पण गोंगाट अचानक वाढलाय. कॉम्प्युटरवाल्याने जुने आकडे काढून दाखवले: २६ तारखेपर्यंत ठीक, २७ पासून बिघडलं. २७ ला गणपती बसले.

मुलं जुना ट्रान्झिस्टर घेऊन गल्लीत फिरली. मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेल्या जागी लावायचा आणि खरखर कुठे वाढते ते ऐकत जायचं. खरखर मंडपाच्या उजव्या खांबाशी सर्वांत मोठी. तिथे एलईडी माळांचा स्वस्तातला वीजपुरवठा लटकत होता. आता मंडळाशी बोलायचं कसं? मांडववाला पुढे झाला, मंडळातले दादा त्याच्या ओळखीचे. त्याने माळा बंद करा असं म्हटलंच नाही. अगाशीवर बोलावून चित्रातला काळा पट्टा दाखवला, म्हणाला, "दादा, हा आपला मंडप आहे." दादांनी दोन मिनिटं चित्र पाहिलं आणि विचारलं, काय करायला हवं ते सांग. जुन्या मॉनिटरच्या केबलीवर असते ती फेराइटची, गोंगाट अडवणारी गोल कडी काढून माळेच्या वायरीचे तिच्यात काही वेढे घेतले, पुरवठ्याचा खोका अगाशीपासून लांबच्या खांबाला हलवला. गोंगाट बराच उतरला. आरतीनंतरच्या पासला दादा स्वतः वर आले. मोदकही आणले.

१३ सप्टेंबर, शनिवार

नवा अँटेना. उपग्रहाची लहर गोल फिरत येते, सपाट दांड्याला तिची निम्मीच शक्ती मिळते. म्हणून क्वाड्रिफायलर हेलिक्स: पीव्हीसी पाइपाभोवती पिळलेली तांब्याच्या नळीची दोन कडी, एक किंचित मोठं, एक किंचित लहान. या फरकामुळे दोन्हींतले प्रवाह पाव फेरीने मागेपुढे होतात आणि अँटेना गोल लहर पकडतो. पिळाची दिशा चुकली तर नेमकी उलटी लहर पकडली जाते. नळी एसी दुरुस्त करणाऱ्या काकांकडून मिळाली, उरलेले तुकडे, पैसे घेतले नाहीत. वाकवताना नळी चेपू नये म्हणून आत बारीक रेती भरायची युक्तीही त्यांचीच. सोल्डरवाल्याला आज साध्या सोल्डरिंग गनने जमेना, तांबं सगळी उष्णता पिऊन टाकतं. त्याच काकांनी टॉर्चने सांधे पक्के करून दिले आणि त्याला दोन सांधे करायला दिले. त्याचे सांधे स्वच्छ आहेत.

२२ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर

नवरात्र, दसरा. बडोद्यात या दिवसांत संध्याकाळी कुणाला अगाशीवर बोलावणं शक्य नाही, आणि बोलावूही नये. गरबा.

५ ऑक्टोबर, रविवार

अरबी समुद्रात "शक्ती" चक्रीवादळ आहे. काल ते तीव्र झालं. सौराष्ट्रापासून दूर, पश्चिमेकडे सरकतंय, तरी मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असं सांगितलंय. वेळवालीने काल रात्री निरोप पाठवला: उद्या दिवसाचा मेटिऑरचा पास आपल्या पश्चिमेकडून आहे, वादळ चित्रात येईल.

सगळे अगाशीवर. नवा अँटेना मांडववाल्याच्या बांबूवर, आकाश मोकळं. पडद्यावर ठिपक्यांचे चार घोळके स्पष्ट वेगळे झाले, म्हणजे बिट नीट वाचले जातायत, आणि चित्र ओळीओळीने खाली उतरू लागलं. आधी हिमालयाची पांढरी रांग, मग सिंधूचं खोरं, मग कच्छचं रण, खंबातचं आखात, त्याच्या टोकाला आपण. पावसाळ्यानंतर प्रथमच जमीन दिसत होती. नर्मदेची रेघ मोजणीवालीने ओळखली. आणि डावीकडे समुद्रावर ते वळण.

कुणी ओरडलं नाही. एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं. ढगांचे पट्टे बाहेरून आत वळत गेलेले, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. टिपणवालीने पट्टीने मोजलं, ठिपके मोजून किलोमीटर काढले: बडोद्यापासून हजाराहून जास्त. तरी त्याची बाहेरची शेपटी आपल्या बाजूला बरीच पसरलेली. उलटं का फिरतं, यावर पाऊण तास गेला. मुलांनी पृथ्वीचा गोल आणून बोटाने वारा ओढून पाहिला. उत्तर गोलार्धात सरळ निघालेला वारा उजवीकडे वळतो, आणि कमी दाबाकडे चारी बाजूंनी येणारे सगळे उजवीकडे वळले की मधला भाग डावीकडे फिरतो. हे वाक्य पुस्तकातही आहे. आज त्यांनी ते समोरच्या चित्रावर बोट ठेवून सिद्ध केलं.

मांडववाल्याच्या मामांची होडी वेरावळला असते. त्याने मामांना फोन लावला आणि वादळ आता कुठे आहे ते सांगितलं. मामांना हवामान खात्याकडून ते आधीच कळलं होतं, होडी किनाऱ्यावर होती. तरी मामांनी चित्र मागून घेतलं. सोबत मी मुलांना एक ओळ लिहायला लावली: हे शाळेचं चित्र आहे, समुद्रात जायचं की नाही ते हवामान खात्याच्या सूचनेवरूनच ठरवा. ही ओळ यापुढे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक चित्राखाली राहील.

८ ऑक्टोबर, बुधवार

आमचं रविवारचं चित्र आणि इन्सॅटचं त्याच सुमाराचं चित्र शेजारी ठेवलं. इन्सॅट ३६,००० किमीवर एकाच जागी थांबून बघतो, म्हणून तो वादळ कसं सरकलं ते तासातासाने दाखवू शकतो. मेटिऑर एकदाच जातो, पण जवळून. एकाला वेळ कळते, दुसऱ्याला बारकावा. पाठलाग कुणी करायचा आणि तपासणी कुणी करायची, हे मुलांनी स्वतः मांडलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आठवीची पाच मुलं आली, सहाही जुन्यांनी आपापलं काम त्यांना द्यायला सुरुवात केली. नव्या मुलांनी आधी जुन्या नोआच्या फाइलचा आवाज ऐकायचा, कागदावर टिक-टॉक मोजायचे, मगच मेटिऑर, असं वेळवालीने ठरवलं. मला ते पटलं.

बांबू १० जानेवारीच्या आत उतरवायचा. उत्तरायणाला अगाशीवर पतंगवाले असतील, मांजा केबलीत अडकला तर कुणाचा तरी हात कापेल.

पुढचं काम १७०० मेगाहर्ट्झ. तिथे मेटिऑर सगळे सहा चॅनेल पूर्ण बारकाव्याने पाठवतो, पण डिश लागते आणि ती हाताने उपग्रहामागे फिरवत राहावी लागते. मुलांनी जाळीची डिश ठरवली आहे. तरंगलांबी साडेसतरा सेंमी, भोक तिच्या दहाव्या हिश्शाहून लहान हवं, म्हणजे पावणेदोन सेंमीच्या आत. सोमवारी मोजणीवाली आणि आठवीतले दोघं जाळीवाल्याकडे पट्टी घेऊन जातील. सांगाड्याच्या लोखंडी सळ्यांचं मांडववाला वडिलांना विचारणार आहे.